जुन्या मोटारींतील ब्रेक व इंधन नलिका बदलणे

जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनात ब्रेक ऑईल आणि पेट्रोल वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या व त्यांना जोडलेले रबरी होज नव्याने बसविण्याचे काम. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक मोटारींत चारही चाकांना ब्रेक ऑईल पोहोचविणारा एकच मार्ग असे. एखादी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. नळीचा गंज बहुधा क्लिपखाली, चिखल साचणाऱ्या जागी लागतो आणि वरून कळत नाही. म्हणून तुकडा जोडण्याऐवजी संपूर्ण संच बदलतात. काढलेली नळी वळणांचा नमुना म्हणून काम संपेपर्यंत जपून ठेवावी लागते.

द्रवचालित ब्रेकच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. सामान्यतः श्रेय माल्कम लॉकहीड (मूळ आडनाव लॉगहेड) यांना दिले जाते. त्यांचे या विषयावरील काम १९१७ च्या सुमाराचे मानतात. फ्रेड ड्यूसेनबर्ग यांनी १९१४ मध्येच शर्यतीच्या मोटारीत असे ब्रेक वापरल्याचा दावाही आढळतो. चारही चाकांना द्रवचालित ब्रेक असलेली पहिली विक्रीयोग्य प्रवासी मोटार म्हणून १९२१ ची ड्यूसेनबर्ग मॉडेल ए सर्वसाधारणपणे मान्य आहे. मात्र तिच्यात द्रव पुढच्या पोकळ आसातून व किंगपिनमधून (पुढचे चाक ज्याभोवती वळते ती खीळ) चाकाकडे जाई, असे वर्णन आहे. तसे असेल, तर नळी आणि लवचिक होज या आजच्या मांडणीचा इतिहास तिच्यापेक्षा १९२४ च्या क्रायस्लरपासून व तिच्या द्रव गळू न देणाऱ्या सुधारित सीलपासून मोजणे अधिक सयुक्तिक ठरते. फोर्डने हे ब्रेक १९३९ च्या मॉडेलांपासून स्वीकारले.

मूळ नळ्या बहुधा बंडी प्रकारच्या असतात : तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून भट्टीत ब्रेझिंगने (वितळलेल्या दुसऱ्या धातूने) सांधलेली. मजबूत, पण गंजणारी. शुद्ध तांबे हाताने वळते, परंतु कंपनाने कठीण होऊन चिरते. ब्रेकसाठी ते टाळावे. स्टेनलेस स्टील टिकाऊ असले तरी त्याचे फ्लेअर (जोडात घट्ट बसण्यासाठी पसरवलेले नळीचे टोक) नीट बसविणे जिकिरीचे असते. सुमारे ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल व किंचित लोह-मँगॅनीज असलेला क्युप्रोनिकेल हा मिश्रधातू समुद्राच्या पाण्याला टिकतो म्हणून जहाजांवर रुळला. व्होल्वोने १९७० च्या दशकात तो ब्रेक नळ्यांसाठी घेतला. गंजरोध आणि वळविण्याची सोय दोन्ही साधणारा असल्याने पुनरुज्जीवनासाठी तोच श्रेयस्कर.

चुका होतात त्या टोकांवर. अमेरिकी व बऱ्याच ब्रिटिश मोटारींत ४५ अंशांचा दुहेरी (कड आत दुमडलेला) फ्लेअर, तर युरोपीय मोटारींत बहुधा बुडबुड्यासारखा फुगीर फ्लेअर असतो. एकाची जागा दुसरा घेत नाही. ब्रेकला एकेरी फ्लेअर वा कॉम्प्रेशन जोड (नळीभोवती कडे आवळून केलेला) चालत नाही. ३/१६ इंची (सुमारे ४·७५ मिमी.) नळीवर ३/८ इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा नट किंवा १० मिमी. व्यासाचा, १ मिमी. अंतराच्या आट्यांचा नट येतो. दोघांत व्यासाचा फरक अर्ध्या मिमी.हून कमी आहे. लहान नट मोठ्या भोकात आट्यांवर बसल्यासारखा वाटतो आणि पेडल जोरात दाबल्यावर निसटतो. नट नळीवर आधी सरकवून मगच फ्लेअर करायचा असतो; हे विसरल्याने अनेक नळ्या वाया जातात.

जुना होज आतून फुगला, तर दाब जातो पण परत येत नाही आणि चाक घासत राहते. नळ्या बसवल्यावर त्यांत अडकलेली हवा काढणे साधारणतः मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईलला दाब देणारा भाग) सर्वांत दूरच्या चाकाने सुरू करतात. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑईलमध्ये सिलिकोनचे तेल मिसळू नये. हिरवे खनिज तेल वापरणाऱ्या सित्रोएनचे सील वेगळे असतात.

इंधन नळ्यांत दाब कमी, धोका आगीचा. तांब्याच्या संपर्कात पेट्रोलमध्ये डिंकासारखा थर लवकर धरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला खाते, म्हणून त्याला टिकणारा होजच घ्यावा. नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, अन्यथा पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. यांत्रिक पंप इंजिनावर असेल, तर टाकीकडच्या बाजूची चीर पेट्रोल सांडण्याऐवजी हवा ओढते. गळती दिसत नाही, इंजिन मात्र अडखळते.