ग्रॅच्युइटीचा अर्ज: लागतं काय आणि अडतं कुठे

'तीस दिवस उलटून गेले, आता काही मिळत नाही म्हणाले.' कुपवाडच्या कारखान्यातून, विट्याच्या मागावरून किंवा साखर कारखान्याच्या हंगामी कामावरून सुटून ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांच्या हिशोबाने मालकाने शेवटी द्यायची एकरकमी रक्कम) मागायला गेलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. असं सांगून लोकांना परत पाठवणाऱ्यांची कीव करावी की राग, कळत नाही. अर्ज लवकर द्यावा हे खरं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. तीस दिवसांचं बंधन मालकाच्या डोक्यावर आहे. अर्ज येवो न येवो, रक्कम काढून त्याने तेवढ्या दिवसांत द्यायची, नाहीतर वर व्याज.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1972 च्या जुन्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. गाभा तोच आहे: दहा किंवा जास्त माणसं असलेली आस्थापना आणि सलग पाच वर्षं नोकरी. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षानंतरही हिशोबाने मिळते. 'चार वर्षं 240 दिवस झाले की पुरे' असं मोबाईलवर फिरत असतं. त्याला मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार आहे, पण त्या भरवशावर राजीनामा टाकू नका. चार-पाच महिने काढून पाच वर्षं पुरी करा, वाद मिटला.

हिशोब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे 15,600 पगार आणि 12 वर्षं 7 महिने नोकरी असेल, तर 9,000 गुणिले 13, एकूण 1,17,000. कमाल मर्यादा 20 लाख. नव्या संहितेत एक गोष्ट कामगाराच्या बाजूची झाली: मूळ पगार तुटपुंजा ठेवून भत्तेच फुगवले असतील, तर एकूण मोबदल्याच्या निम्म्यावरची भत्त्यांची रक्कम पगारातच मोजायची.

हंगामी कामगारांची गफलत इथे होते. त्यांना पंधरा नाही, दर हंगामाला सात दिवसांचा पगार. आणि तो हंगाम मोजला जायचा तर कारखाना जितके दिवस चालला त्याच्या किमान 75 टक्के दिवस हजेरी हवी. गाळप 120 दिवस चाललं तर 90 दिवस. म्हणून प्रत्येक हंगामाच्या शेवटी हजेरीचा उतारा मागून घ्या, तेव्हा तो सहज मिळतो. दहा वर्षांनी मागितला की 'रजिस्टर सापडत नाही'.

मागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात, ओव्हरटाइम वगळून. मंदीत माग आठवड्यातून तीनच दिवस चालत असताना राजीनामा दिला, तर सगळ्या वर्षांची रक्कम त्या पडलेल्या सरासरीवर निघते. शक्य असेल तर काम सुरळीत होईपर्यंत थांबा.

आता कागद. आधार आणि बँक पासबुक सगळ्यांकडे असतं, त्यावर कोणी अडत नाही. अडतं ते नेमणूक पत्रावर, कारण ते कोणाला दिलेलंच नसतं. नव्या संहितांनी ते देणं बंधनकारक केलंय, पण वीस वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याऐवजी पीएफचं पासबुक काढा. वर्गणी कधी आणि कोणत्या मालकाच्या नावाने जमा झाली, ते बहुतेकदा तिथे दिसतं. मधेच ठेकेदाराचं नाव आलं असेल तर तेही तिथेच सापडतं, आणि 'हा आमचा माणूसच नव्हता' हा वाद बहुतेकदा त्याच वर्षांवरून होतो. ईएसआयचं कार्ड, जुन्या पगारपावत्या, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, बोनसच्या पावत्या, सगळं जोडा.

राजीनाम्याच्या आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'सर्व हिशोब चुकता' लिहिलेल्या कागदावर आकडा न वाचता सही करू नका.

मालकांनाही एक सांगणं. नोटीस पूर्ण केली नाही किंवा वाद घालून गेला, एवढ्यावरून ग्रॅच्युइटी रोखता येत नाही. कामावरून काढण्याचं कारण मालमत्तेचं नुकसान, दंगा-हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक यांसारखा) गुन्हा असेल तरच ती कापता येते, आणि नुकसान असेल तर नुकसानीएवढीच.

तरीही दाद लागली नाही, तर पोचपावती आणि वरचे कागद घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा आणि तुमचं प्रकरण कोणत्या प्राधिकाऱ्यापुढे चालेल ते आधी विचारून घ्या. आणि नोकरीत असतानाच नामनिर्देशनाचा, म्हणजे आपल्या माघारी रक्कम कोणाला द्यायची त्याचा, फॉर्म उघडून बघा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून भावाचं नाव असेल तर नवा भरून द्या. लग्न झाल्यावर ते जुनं नामनिर्देशन चालत नाही.