मराठवाड्यातील वृद्धांची अन्नसुरक्षा

वयस्क माणसाला बारा महिने पुरेसे, चावेल-पचेल असे आणि अंगी लागणारे अन्न मानाने मिळणे, म्हणजे वृद्धांची अन्नसुरक्षा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हा प्रश्न दुष्काळ आणि स्थलांतराशी जोडलेला आहे. अनेक घरांत धान्य असते, पण ते रांधायला माणूस नसते.

दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना भागांतील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. गावात म्हातारी माणसे राहतात आणि पुष्कळदा नातवंडेही त्यांच्याच भरवशावर असतात. दळण, पाणी, सरपण, भाकऱ्या थापणे हे सारे सत्तरीच्या हातांवर येते. लेकरांना आधी वाढून उरेल ते आजी खाते. एकट्या माणसाला स्वतःपुरती चूल पेटवायचा कंटाळा येतो, मग सकाळचीच भाकरी रात्री चटणीशी खाल्ली जाते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आधार मोठाच आहे, त्याने पोट भरते. मात्र मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, डाळ विकतच घ्यावी लागते. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही, ही अडचण वेगळीच. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील गरजूंना दरमहा १५०० रुपयांच्या आसपास निवृत्तिवेतन मिळते. गावात त्याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या आणि बँकेपर्यंतचे जाणे-येणे वजा जाता त्यातून डाळ-दुधासाठी फार थोडे उरते.

वय वाढते तशी भूक मंदावते, दात पडतात, तहान कळेनाशी होते आणि स्नायू झडतात. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हातारपणी ती कमी पडून चालत नाहीत, थोडी जास्तच हवीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा शरीराला अन्नातूनच मिळणारा घटक कमी असतो आणि ती उणीव डाळी भरून काढतात. त्यामुळे वरणात कुस्करलेली भाकरी, ताकातल्या कण्या, हुलग्याचे माडगे, मऊ शिजवलेली मुगाची उसळ हे वृद्धांसाठी खरोखर उत्तम अन्न आहे. परवडेल तिथे अंडे व दूध जोडावे. घोळ, पाथरी, अंबाडी, करडईची कोवळी भाजी बांधावरून वा शेजाऱ्याच्या रानातून मिळते. लोणचे-पापडावर जेवण भागवल्यास मीठ वाढते. एकादशी, चतुर्थी, चातुर्मास असे उपवास साबुदाणा-बटाट्यावर काढणाऱ्या मधुमेही वृद्धांची साखर चढ-उतार करते. गोळ्या चालू असताना निरंकार उपास तर करूच नये.

याच आहाराचा दुसरा धागा शेतीशी आहे. खरिपाची ज्वारी, मूग, उडीद यांची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. सोयाबीन बहुतेक सगळे मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात जाते, घरच्या कणगीत काही पडत नाही. पूर्वी शेतातून येणारी डाळ आता दुकानातून आणावी लागते, आणि हातात पैसा नसलेल्या वृद्धाला तो बदल सर्वांत आधी जाणवतो. ज्वारीला उसापेक्षा फार कमी पाणी लागते, शिवाय जनावरांना कडबा मिळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले आहे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात होणारी भज्जी, म्हणजे हिरवे दाणे, शेंगा, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली भाजी, आणि सोबतची ज्वारीची आंबील यांत वृद्धाला हवे ते बहुतेक सारे एका जेवणात येते.

गावात अंगणवाडीसाठी आणि शाळेच्या पोषण आहारासाठी रोज स्वयंपाक होतोच. ऊसतोडीच्या महिन्यांत तिथेच एकट्या वृद्धांचेही वरण-भात शिजवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. तमिळनाडूत निवृत्तिवेतनधारक वृद्धांना अशा केंद्रांतून दुपारचे जेवण देण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून आहे.