हँडल उलटे का फिरते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विहिरी भरलेल्या होत्या, पण पाणी वर काढणारे विजेचे पंप बंद होते, म्हणून वर्षानुवर्षे पडवीत धूळ खात पडलेली जुनी डिझेल इंजिने पुसून, तेल घालून बाहेर काढली गेली. आमच्या शेजारच्या काकांनीही आपले एका सिलिंडरचे, हँडल मारून सुरू होणारे इंजिन विहिरीवर आणून बसवले. तिसऱ्या प्रयत्नात हँडल अर्ध्या फेरीवर क्षणभर थबकले, इंजिनातून एक दबका ठोका ऐकू आला आणि हँडल उलटे फिरून त्यांच्या उजव्या मनगटावर बसले. एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक तुटलेले दिसले. जमलेल्या मंडळींचे एकमत असे होते की काकांचे वय झाले, हातात जोर राहिला नाही, म्हणून इंजिनाने फटका मारला. हे मत मला तेव्हाही पटले नव्हते आणि आता तर ते चुकीचे आहे याची खात्री आहे.

मनगटाच्या या विशिष्ट मोडीला अस्थिशल्यचिकित्सक ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. इंग्रज शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी तिचे वर्णन १८६६ मध्येच केले होते, पण शोफरचे, म्हणजे मोटारचालकाचे, नाव तिला नंतर चिकटले, कारण मोटारगाड्या हँडल मारून सुरू होत असत त्या काळात ही दुखापत चालकांना वारंवार होत असे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाड्यांत १९१२ पासून बसवला जाऊ लागला आणि मोटारींपुरता हा प्रश्न हळूहळू संपत गेला. कोकणात मात्र तो संपलेला नाही. लहान मच्छीमार होड्यांवरची इंजिने, भातखाचरात चिखलणी करणारे पॉवर टिलर आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतील पंप यांपैकी पुष्कळ यंत्रे अजूनही हँडलवर चालू होतात, आणि ज्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीची टोके पाहता पाहता हिरवी पडतात, तिथे हँडलवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘बॅकफायर’ हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सायलेन्सरमधून किंवा कार्ब्युरेटरमधून बार उडाल्यासारखा आवाज येतो, ती एक गोष्ट. त्यात न जळलेले इंधन सिलिंडरच्या बाहेर पेट घेते आणि हाताला सहसा काही होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सिलिंडरच्या आतच, पण चुकीच्या क्षणी झालेल्या ज्वलनामुळे इंजिन उलट दिशेने फिरणे. हात मोडतो तो या दुसऱ्या प्रकारात, आणि हा लेख त्याच्याविषयीच आहे.

डिझेल इंजिनात पिस्टन वर येताना हवा इतकी दाबतो की ती तापून डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. हा फवारा पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर नव्हे, तर त्याच्या थोडा आधी सोडावा लागतो, कारण डिझेलचे बारीक थेंब होऊन त्यांची वाफ होण्यास आणि ती पेटण्यास वेळ लागतो. आपल्याकडच्या शेतीपंपांच्या अनेक इंजिनांत तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मापाने सुमारे २३ अंश आधी सुटतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालणारे इंजिन हे २३ अंश सुमारे अडीच मिलिसेकंदांत पार करते, त्यामुळे ज्वलनाचा खरा जोर येईपर्यंत पिस्टन माथा ओलांडून खाली निघालेला असतो आणि सगळे सुरळीत चालते. आता हाताने मिनिटाला ६० फेऱ्या मिळत आहेत असे समजा. तेच २३ अंश पार करण्यास आता चौसष्ट मिलिसेकंद लागतात, म्हणजे पंचवीस पट वेळ. आग पेटण्यास लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. पिस्टन अजून चढणीवर असताना वरून ज्वलनाचा दाब येतो आणि चढ ओलांडण्याइतकी गती फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकात, नसेल, तर पिस्टन आल्या वाटेने मागे ढकलला जातो.

या चढणीचा हिशेब घालता येतो. ८७.५ मिलिमीटर व्यासाचा आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली जाण्याच्या अंतराचा) सिलिंडर घेतला, तर त्याचे आकारमान सुमारे ६६१ घनसेंटिमीटर होते, आणि हवा १७.५ पट लहान जागेत दाबायची असेल, तर एकदा दाबण्यास साधारण २५० ज्यूल ऊर्जा लागते. पंचवीस किलोचे पोते एक मीटर उचलण्याइतके हे काम आहे. ही ऊर्जा त्या क्षणी मनगटातून नव्हे, तर फिरत्या फ्लायव्हीलमधून यावी लागते. फ्लायव्हीलचे जडत्व २ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले, तर मिनिटाला १०० फेऱ्यांवर त्यात जेमतेम ११० ज्यूल साठतात, पण २०० फेऱ्यांवर जवळजवळ ४४०, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणजे शंभर फेऱ्यांवर माथा ओलांडला जाणे केवळ हाताच्या उरलेल्या रेट्यावर अवलंबून राहते आणि दोनशे फेऱ्यांवर फ्लायव्हील एकट्याने तो ओलांडते. उलटा फटका बसतो तो या दोन वेगांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे डिझेल पेटण्याइतका दाब तयार होतो, पण माथा ओलांडला जात नाही. दाबलेल्या हवेची आणि जळलेल्या डिझेलची मिळून ५०० ज्यूल ऊर्जा जरी उलट दिशेने सुटली, तरी तीस सेंटिमीटर लांबीच्या हँडलची मूठ सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेग घेते. तो वेग टाळण्यास माणसाच्या स्नायूंना वेळच मिळत नाही.

म्हणून डिकम्प्रेशन लिव्हर हे या इंजिनावरचे सर्वांत मोलाचे सुरक्षासाधन आहे, असे मी मानतो. लिव्हर उचलल्यावर एक व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि चढणच नाहीशी होते. मग आठ-दहा फेऱ्यांत फ्लायव्हीलला हवा तेवढा वेग देता येतो आणि त्यानंतर लिव्हर पाडायची. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी: दम लागला म्हणून लिव्हर लवकर पाडली जाते, किंवा लिव्हर पडताना दचकून हात क्षणभर ढिला पडतो. काही इंजिनांत ठरावीक फेऱ्यांनंतर लिव्हर आपोआप पडण्याची सोय असते, आणि त्यामुळे घाई करण्याची संधीच उरत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. जड फ्लायव्हीलच्या संथ इंजिनांत, उदाहरणार्थ मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या जुन्या लिस्टर इंजिनात आणि राजकोटला बनलेल्या त्याच्या प्रतिकृतींत, साठा इतका मोठा असतो की पुरेसा वेग आल्यावर हँडल काढून घेऊन मग लिव्हर पाडता येते. ज्या इंजिनात हे शक्य आहे, तिथे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने ते सुरू करू नये.

आता हँडलकडे जवळून पाहू. शाफ्टच्या टोकाला एक आडवी पिन असते आणि हँडलच्या नळीला खाचा असतात. खाचेची एक बाजू सरळ उभी आणि दुसरी घसरगुंडीसारखी तिरपी असते. हात फिरवतो तेव्हा सरळ बाजू पिनला ढकलते. इंजिन चालू होऊन हातापेक्षा जलद फिरू लागले की पिन सरळ बाजूपासून सुटते, तिरप्या बाजूवर चढते आणि हँडल बाहेर फेकले जाते. ही रचना सुंदर आहे, पण तिच्यात एक आंधळेपणा आहे. इंजिन उलटे फिरते तेव्हा पिन त्याच सरळ बाजूला, त्याच जागी, त्याच दिशेने रेटते. हात इंजिनाला ढकलतो आहे की इंजिन हाताला ढकलते आहे, हा फरक त्या खाचेला कळूच शकत नाही, कारण दोन्ही वेळी तिथला दाब सारखाच असतो. पुढे जाणाऱ्या इंजिनापासून साधे हँडल तुम्हाला सोडवते आणि मागे येणाऱ्या इंजिनाशी मात्र घट्ट जखडून ठेवते.

सुरक्षित हँडल करायचे तर हा आंधळेपणा घालवला पाहिजे, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग दिशा ओळखण्याचा. हँडल दोन भागांचे करायचे आणि त्यांच्यात अशी जोड ठेवायची की शाफ्टने थोडीशीही उलट फेरी घेतली, तर हाताशी असलेला भाग शाफ्टकडच्या भागापासून सुटून मोकळा होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींसाठी या कल्पनेची कितीतरी पेटंटे घेतली गेली, आणि जर्मनीच्या हाट्झ कंपनीच्या डिझेल इंजिनांबरोबर आजही असे उलटा धक्का शमवणारे हँडल मिळते. ते दोन्ही हातांनी घट्ट धरायचे असते, कारण हाताचा विरोध असेल तरच आतली जोड लवकर सुटते. दुसरा मार्ग जोर ओळखण्याचा. माणूस हँडलवर जेवढा पीळ देऊ शकतो, त्याच्या थोड्याच वर घसरेल असा क्लच नळीत बसवला, तर इंजिनाचा त्याहून मोठा झटका हातापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. मला पहिला मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण घसरणाऱ्या क्लचची ओढ गंज आणि तेल यांनी बदलते आणि आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टींना तोटा नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे ज्वलनाच्या क्षणी हात इंजिनाला जोडलेलाच नसणे. स्प्रिंग स्टार्टरमध्ये आधी सावकाश किल्ली देऊन जाड स्प्रिंग आवळली जाते आणि मग खटका दाबला की ती स्प्रिंग इंजिन फिरवते. मोठ्या जहाजांवरच्या जीवरक्षक नौकांत असे स्टार्टर किंवा हातपंपाने दाब भरून ठेवणारे हायड्रॉलिक स्टार्टर वापरले जातात, आणि त्यांना बॅटरी लागत नाही. किमतीचा प्रश्न खरा आहे, तरीही होडीची जोडणी नव्याने करणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा.

कोकणाच्या हवेचा आणि हंगामाचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. यांत्रिक नौकांना साधारणतः १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. दोन महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टन रिंगा चिकटतात, तेल साकळते, हँडल जड फिरते आणि हवा तो वेग येत नाही. फटक्यांचा धोका हंगामाच्या पहिल्या दिवशी अधिक असण्याचे कारण हेच. डिझेल बंद ठेवून आणि लिव्हर उचलून इंजिन आधी पंचवीस-तीस फेऱ्या फिरवावे, म्हणजे सगळीकडे तेल पोहोचते. शाफ्टचे टोक गंजलेले असेल तर सुरू झालेल्या इंजिनापासून हँडल सुटतच नाही आणि गरगर फिरत राहते, हा वेगळाच आणि तितकाच भयंकर अपघात आहे; तिथे पॉलिशपेपर फिरवून ग्रीस लावण्यास पाच मिनिटे लागतात. खाचेच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर हँडल भर जोरात निसटते आणि ओल्या फळ्यांवर उभा असलेला खलाशी इंजिनावरच पडतो. अशा हँडलला वेल्डिंगचा थर देऊन वेळ मारून नेण्यापेक्षा नवीन नळी घ्यावी. इंजिन उठत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारण्याची सवयही काही ठिकाणी दिसते. ईथर डिझेलपेक्षा कमी तापमानाला, म्हणजे पिस्टन अजून बराच खाली असतानाच पेटतो आणि उलट्या फटक्याला आमंत्रण देतो. आपल्या किनाऱ्यावर इतकी थंडी कधी पडतच नाही. तिथे इंजिन उठत नसेल तर दोष डिझेल फवारणाऱ्या नोझलचा, रिंगांचा किंवा डिझेलमध्ये शिरलेल्या पाण्याचा असतो.

मूठ कशी धरावी, हे जुनी माणसे योग्य सांगतात. साध्या हँडलवर अंगठा चार बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळू नये, तो बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे हँडल उलटे आले तर बोटे उघडून निसटते. आणि जोर लावण्याची दिशा खालून वर, ओढण्याची असावी, शरीराचे वजन टाकून खाली दाबण्याची नसावी. वर ओढताना झटका आला तर हँडल हातातून खाली निघून जाते, खाली दाबताना आला तर ते थेट मनगटात घुसते.

काकांच्या इंजिनाचे काय झाले ते सांगायचे राहिले. मनगट प्लास्टरमध्ये असताना त्यांनी एका अनुभवी मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने पंपाची वरची नळी सोडली, फ्लायव्हील हाताने अगदी हळू फिरवले आणि डिझेल वर चढू लागण्याचा क्षण फ्लायव्हीलवरच्या खुणेशी ताडून पाहिला. खूण यायला अजून बरेच अंतर होते, म्हणजे डिझेल फार आधी सुटत होते. फ्युएल पंपाच्या खाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. एक चकती काढली की पंप खाली बसतो, कॅम, म्हणजे खालचा फिरता उंचवटा, त्याच्या दट्ट्याला लवकर उचलतो आणि फवारा लवकर सुटतो. कधीतरी पंप काढून परत बसवताना तिथली चकती हरवली होती. मिस्त्रीने योग्य जाडीची चकती घातली, खूण पुन्हा ताडली, शाफ्टचे टोक घासून ग्रीस लावले आणि लिव्हर उचलून दहा फेऱ्या मारल्या. लिव्हर पडली तेव्हा इंजिन पहिल्याच ठोक्याला सुरू झाले आणि हँडल अलगद त्याच्या हातात सुटून आले.