उन्हाळ्याचा स्वयंपाक गच्चीवर : सोलर कुकर घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

एप्रिल लागला की अकोल्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो. अशा दिवसांत सकाळी अकराला गॅसपाशी उभं राहून वरण, भात आणि भाजी करणं काय असतं, ते करणाऱ्यालाच ठाऊक. कूलर बैठकीत असतो. स्वयंपाकघरात पंखा लावावा तर ज्योत फडफडते, म्हणून तोही बंद. मुलांनी सुट्टीत केक मागितला तर ओव्हन लावायचा विचारही नको वाटतो.

आम्ही पेटीचे सोलर कुकर बनवतो, विकतो आणि दुरुस्त करतो. पेटी घरी नेल्यावर ती माळ्यावर जाऊ नये, रोज गच्चीवर चढावी, यासाठी हे पत्रक. त्यात पेटीला काय जमतं तेही लिहिलं आहे आणि काय जमत नाही तेही.

आधी गॅसचा हिशोब. घरगुती शेगडीच्या उष्णतेपैकी किमान 68 टक्के भांड्याला मिळाली पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे चांगल्या शेगडीचीही जवळजवळ एकतृतीयांश उष्णता थेट खोलीत जाते, वाफेची ऊब वेगळी. तोच स्वयंपाक गच्चीवर झाला तर ही सगळी उष्णता घराबाहेर राहते. गॅस वाचतो हे खरं, पण उन्हाळ्यात त्याहून मोठा फायदा हा आहे.

पेटी कशी चालते

पेटीच्या आत काळा पत्रा, वर दुहेरी काच, चहूबाजूंनी काचलोकर आणि झाकणाला आरसा. ऊन काचेतून आत येतं, काळा पत्रा आणि काळे डबे ते शोषून तापतात, आणि ती उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. काचेचं तोंड साधारण अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे पाव चौरस मीटर. भर दुपारच्या कडक उन्हात एवढ्या जागेवर अडीचशे वॉटच्या आसपास ऊर्जा पडते, वर आरशाची थोडी भर. गॅसच्या बर्नरपुढे ही आच फारच मंद. म्हणून वेळ लागतो, आणि म्हणूनच काही करपतही नाही. ढवळायला जावं लागत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत.

चार डब्यांत मिळून दोनेक किलो अन्न शिजतं, चार-पाच माणसांचं एका वेळचं जेवण.

सकाळचा क्रम

पोळी-भाकरी या पेटीत होत नाही, फोडणीही होत नाही. त्यासाठी पेटी पुरेशी तापत नाही. तेव्हा गॅसची कामं सकाळी सातच्या आत उरकून घ्या. पोळ्या झाल्या की त्याच आचेवर कढल्यात तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि लाल मिरची अशी फोडणी करून वाटीत झाकून ठेवा. दुपारी ती वरणावर घातली की झालं. भाकरी सकाळची दुपारी कडक वाटत असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

तुरीची डाळ सकाळी उठल्याबरोबर भिजत घाला. हरभरे, राजमा, छोले रात्रीच भिजवायचे. साडेआठला रिकामी पेटी उन्हात ठेवून आरशाचं झाकण उघडा, म्हणजे ती आधी तापेल. सव्वानऊ-साडेनऊला डबे भरून आत ठेवा. भात तास-दीड तासात होतो, भिजवलेल्या तुरीला दोन तास लागतात, आलू अख्खे असतील तर तेवढेच, फोडी केल्या तर कमी. हरभरे आणि राजम्याला अडीच-तीन तास धरा. एकीकडे वरण, दुसरीकडे भात, तिसऱ्या डब्यात भाजी, आणि चौथ्यात संध्याकाळसाठी आलू, अशी आमची शिफारस आहे.

पाणी गॅसवरच्यापेक्षा कमी घाला, कारण इथे वाफ उडून जात नाही. वाटीभर तांदळाला दोन वाट्यांपेक्षा थोडं कमी पुरतं. दुधी, दोडकी, गवार, भोपळा यांना पाणी घालायचंच नाही, अंगच्या पाण्यात शिजतात, आणि दोडक्याची चव तर आमच्या मते गॅसवरच्या भाजीपेक्षा सरस लागते. चिंच, आमसूल, भेदरं (टोमॅटो) वरणात शिजताना घालू नका. आंबटाने डाळ लवकर मऊ होत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात आंबट शिजवणं तसंही बरं नाही. कैरीचं काही करायचं असेल तर स्टीलचा डबा घ्या, त्याला बाहेरून काळा रंग आम्ही लावून देतो.

काचेचं झाकण सारखं उघडून बघण्याचा मोह टाळा. एकदा उघडलं की आतली गरम हवा जाते आणि दहा-पंधरा मिनिटं मागे पडतात. भात झाला की नाही हे नाकाने कळतं. पेटीजवळ गेल्यावर वास आला की शिजायला लागला आहे.

आरसा

जुन्या ग्राहकांचेही प्रश्न जास्त करून आरशाचेच असतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, तेव्हा आरशाने ऊन नीट वळवावं लागतं आणि पेटी तासातासाने फिरवावी लागते. उन्हाळ्याचं गणित वेगळं आहे. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात विदर्भात सूर्य भर दुपारी जवळजवळ नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस याच सुमाराचे. काचेवर ऊन सरळच पडतं, आरसा फक्त भर घालतो. पेटी थोडी तिरकी राहिली तरी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, काही बिघडत नाही.

तरी रीत सांगतो. सकाळी ठेवताना पेटीचं तोंड पूर्वेकडे करा. आरसा पुढे-मागे करून बघा, त्याचा उजळ चौकोन काचेवर पसरला की खिळ अडकवा. दुपार जवळ आली की आरसा काटकोनाच्या मागे झुकलेला हवा, उभ्या रेषेपासून साधारण तीस अंश. आणि आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, सव्वाबाराच्या सुमारास येतो, कारण भारतीय प्रमाणवेळ ज्या 82.5 अंश रेखांशावर बेतली आहे त्याच्या आपण पश्चिमेला आहोत. अकराला एकदा वर जाऊन आरसा नीट केला की पुरे. बारा ते तीन गच्चीवर थांबू नका, माणसालाही ऊन तेवढंच लागतं.

आरशात थेट बघायचं नाही, आणि त्याची तिरीप शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही ना ते पाहायचं. डबे काढताना जाड फडकं हवंच. माकडांचा उपद्रव असेल तिथे बाजूची कडी लावा, आणि वावटळीच्या दिवसांत आरशाची दोरी बांधा.

दुपारी अन्न आत ठेवून देऊ नका

ही सूचना लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल. ऊन उतरलं की पेटी हळूहळू निवते आणि अन्न तासन्‌तास कोमट राहतं. 60 अंशांच्या खाली आलं की त्यात जंतू वाढायला लागतात, आणि शिजलेला भात या बाबतीत फार नाजूक. जेवण झालं की उरलेलं लगेच फ्रीजमध्ये. एप्रिल-मेमध्ये अवकाळी ढग येतात. डाळ अर्धी शिजली असताना आभाळ भरलं तर वाट पाहत बसू नका, डबा खाली आणून गॅसवर पूर्ण करा.

संध्याकाळ

संध्याकाळी पेटी उपयोगाची नाही. पण दुपारी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेल्या आलूंचं दहीआलू होतं, हरभऱ्यांत कांदा, सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू घातलं की पोटभर होतं. बाकी आपल्या विदर्भात चूल न पेटवता जेवायची सोय आधीपासूनच आहे : मुरमुऱ्याचा कच्चा चिवडा, वर कच्चं तेल, तिखट, कांदा, शेंगदाणे. सोबत कैरी-कांद्याचा ठेचा आणि मठ्ठा. सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की लहान मुलंही खातात. चिवड्याचे शेंगदाणे पेटीत भाजून घ्या. झाकण न लावता काळ्या ताटात पसरले की तास-दीड तासात खमंग होतात, एकही दाणा काळा पडत नाही. रवाही असाच भाजून ठेवता येतो.

आणि सुट्टीतला केक. होतो, दीड-दोन तासांत छान फुगतो. वरून ओव्हनसारखा खरपूस रंग मात्र येत नाही. नानकटाईचं आम्ही वचन देत नाही.

निगा

दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांचं दुखणं बहुतेक एकच असतं, झाकणाभोवतीची रबराची पट्टी. ती कडक होऊन फटी पडल्या की गरम हवा निघून जाते आणि लोक म्हणतात कुकर तापत नाही. पट्टी महिन्यातून एकदा बोटाने दाबून बघा, दबली नाही तर बदलायची वेळ झाली. काच रोज कोरड्या फडक्याने पुसा, धुळीचा थर ऊन अडवतो. डब्यांचा काळा रंग घासणीने घासू नका, बाहेरून नुसतं विसळा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारता तेव्हा पेटी आधी बाजूला करा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते.

मृग लागायच्या आधी पेटी आतून पुसून, दोन उन्हं देऊन, झाकण किंचित उघडं ठेवून कोरड्या जागी ठेवा. बंद ठेवली तर काचलोकर ओल धरते. दिवाळीनंतर पुन्हा काढताना एकदा दुकानात दाखवून न्या. पट्टी, खिळ, काच आणि डब्यांचा रंग, सगळं आमच्याकडे सुटं मिळतं.