डेट्रॉइटचं दुखणं वेगळं, वोल्फ्सबर्गचं वेगळं

डिसेंबर 2024 मध्ये वोल्फ्सबर्गला मुख्यालय असलेल्या फोक्सवॅगनने युनियनबरोबर करार केला. 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35,000 हून अधिक नोकऱ्या कमी होतील, पण कुणाला सक्तीने घरी बसवणार नाहीत. तेव्हापासून ‘आता जर्मनीचंही डेट्रॉइट होणार’, म्हणजे अमेरिकन मोटार उद्योगाच्या त्या राजधानीसारखी पडझड होणार, हे वाक्य वरचेवर कानावर येतं. लक्षणं सारखी आहेत खरी: रिकाम्या लाइनी, घसरलेला खप, महाग मजुरी. पण अंग तापलं म्हणजे दर वेळी मलेरियाच असतो असं नाही. अमेरिकन कंपन्या स्वतःच्या घरात, साध्या रोजच्या गाडीत हरल्या. जर्मन कंपन्यांना आज फटका बसतोय तो मुख्यतः चीनमध्ये, आणि तोही इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन या त्यांच्या हातखंडा कामात नव्हे.

आधी एक घोळ निस्तरू. ‘जर्मनीत बनलेली’ आणि ‘जर्मन कंपनीची’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपेल ही अस्सल जर्मन वाटणारी कंपनी 1929 पासून 2017 पर्यंत जनरल मोटर्सकडे होती. फोर्ड 1931 पासून कोलोनमध्ये गाड्या बनवते. उलट बीएमडब्ल्यूचा सर्वांत मोठा कारखाना दक्षिण कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला आहे आणि तिथे अमेरिकन कामगार एक्स मालिकेच्या एसयूव्ही बनवून जगभर पाठवतात. म्हणजे ‘जर्मन कामगारच मुळात काटेकोर’ हा सिद्धांत इथेच कोलमडतो. जर्मन व्यवस्थापन आलं की अमेरिकन कंपनी सुधारते, हेही खरं नाही. डाइमलरने 1998 मध्ये क्रायस्लर घेतली आणि 2007 मध्ये तिचा 80.1 टक्के हिस्सा विकून हात झटकले.

आता डेट्रॉइट. 1962 च्या सुमाराला अमेरिकेत विकली जाणारी जवळपास दर दुसरी गाडी जनरल मोटर्सची होती. 2009 मध्ये हा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास उरला. मधल्या काळात कंपनीच्या गळ्यात एक धोंडा होता. अमेरिकेत कामगाराचा आरोग्यविमा मालक देतो, आणि 1950 पासूनच्या युनियन करारांतून ही जबाबदारी वाढत निवृत्तांपर्यंत गेली. 2004 मध्ये जनरल मोटर्स सुमारे 11 लाख लोकांच्या औषधपाण्यावर 5.2 अब्ज डॉलर खर्च करत होती. हे दर गाडीमागे साधारण 1,500 डॉलर पडतात. गंमत म्हणजे खप निम्मा झाला तरी पेन्शनर निम्मे होत नाहीत, त्यामुळे गाडीमागचा बोजा उलट वाढतो. मोठ्या पिकअपमध्ये तो खपून जातो. छोट्या सेडानमध्ये नफाच काही शे डॉलरचा; तिथे हे पैसे डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून, सीटमधून, आवाज रोखणाऱ्या अस्तरातून काढले जातात. गिऱ्हाइकाला ते दार लावतानाच कळतं.

जर्मन कंपन्यांवरही पेन्शनचं ओझं मोठं आहे. पण तिथे दवाखान्याचा खर्च सार्वजनिक विमा फंडांतून जातो. कंपनी काम करणाऱ्यांसाठी हप्त्यातला वाटा भरते, निवृत्तांचं बिल तिच्या दारात येत नाही.

कामगार न काढण्याची दोन्हीकडची पद्धत शेजारी ठेवली की फरक आणखी स्पष्ट होतो. डेट्रॉइटमध्ये 1984 पासून ‘जॉब्ज बँक’ होती. काम संपलेल्या माणसाने रोज एका खोलीत येऊन बसायचं आणि जवळजवळ पूर्ण पगार घ्यायचा. ती 2009 मध्ये बंद झाली. फोक्सवॅगनवर 1993 मध्ये अशीच वेळ आली, तेव्हा युनियनने आठवड्याचे तास 36 वरून 28.8 वर आणायला मान्यता दिली आणि वर्षाचा पगारही त्यासोबत उतरला. नोकरी सगळ्यांची राहिली, झळ सगळ्यांनी थोडी थोडी सोसली. यात कामगारांच्या मोठेपणापेक्षा रचनेचा भाग जास्त आहे. जर्मनीत 2,000 हून अधिक कामगारांच्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या असतात. हिशेबाची वही त्यांनी स्वतः पाहिलेली असते. याची दुसरी बाजू अशी की फोक्सवॅगनमध्ये लोअर सॅक्सनी राज्याचीही 20 टक्के मतं आहेत, आणि नको असलेला कारखाना बंद करायला तिथे वर्षानुवर्षं जातात.

अमेरिकन कंपन्यांची खरी कुबडी म्हणजे कोंबडी-कर. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला म्हणून अमेरिकेने 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकवर 25 टक्के आयातकर लावला. निशाण्यावर होती फोक्सवॅगनची व्हॅन. कोंबडीचं भांडण कधीच विरलं, कर राहिला. त्याच्या आड पिकअपचा धंदा इतका सुरक्षित झाला की चांगली छोटी गाडी बनवायची गरजच उरली नाही. पेट्रोल महागलं की कंपन्या कोसळायच्या, स्वस्त झालं की उभ्या राहायच्या. 2018 मध्ये तर फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडान बंद करायचं जाहीरच केलं.

जर्मन कंपन्या कधी पडल्याच नाहीत, असं मात्र कुणी समजू नये. बीएमडब्ल्यू 1959 मध्ये डाइमलरला विकली जाता जाता राहिली. फोक्सवॅगनला 1974 मध्ये 80 कोटी मार्कांहून जास्त तोटा झाला. बीटल म्हातारी झाली होती आणि त्याच वर्षी आलेल्या गोल्फने घर सावरलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शेने जपानी सल्लागार बोलावून सुट्या भागांचा जादा साठा कमी करायला लाइनीशेजारचे उंच रॅक कापून घेतले. जनरल मोटर्सला तर हा धडा घरबसल्या मिळत होता. फ्रीमाँटच्या कारखान्यात 1984 पासून टोयोटा तिच्यासोबत गाड्या बनवत होती आणि चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क कामगाराला होता. तो धडा फ्रीमाँटबाहेर वेळेत पोचला नाही. तोच कारखाना आज टेस्लाकडे आहे.

दोघांचा स्वभाव दोन बिघाडांतून नीट दिसतो.

पहिला, जनरल मोटर्सचा इग्निशन स्विच. 2014 मध्ये शेव्हरोले कोबाल्टसारख्या सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. किल्ली ‘रन’वर धरून ठेवतो तो आत खाचेत बसणारा स्प्रिंगचा छोटा दट्ट्या. किल्ली फिरवायला किमान 15 न्यूटन-सेंटिमीटर जोर लागावा असं कंपनीचंच मोजमाप होतं. अनेक स्विच 10 च्याही खाली निघाले. जड जुडगा लटकत असेल आणि खड्डा लागला, की किल्ली ‘अॅक्सेसरी’वर घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, ब्रेकची मदत जाते आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅग उघडत नाही. नंतर दट्ट्या सुमारे दीड मिलिमीटर लांब केला, स्प्रिंग बदलली. पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे तपास करणाऱ्यांना जुना आणि नवा स्विच वेगळा ओळखता येईना. भरपाई निधीने पुढे 124 मृत्यू मान्य केले.

दुसरा, फोक्सवॅगनचं ईए 189 डिझेल इंजिन. अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा मैलाला 0.07 ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला सुमारे 0.04; तेव्हाच्या युरोपीय मर्यादेच्या साधारण पाव. छोट्या गाड्यांत त्यासाठी हे ऑक्साइड अडवून ठेवणारा साठवण-सापळा बसवला होता. तो रिकामा करायला इंजिनाला जास्त डिझेल पाजावं लागतं, मायलेज पडतं आणि काजळीचा फिल्टर लवकर भरतो. म्हणून सॉफ्टवेअर बघायचं: वेगाचा आलेख चाचणीसारखाच आहे का, चाकं फिरताना स्टिअरिंग मात्र सरळच आहे का? तसं असेल तर गाडी चाचणीच्या रोलरवर आहे, स्वच्छ चालव. रस्त्यावर मात्र मर्यादेच्या 40 पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड. सप्टेंबर 2015 मध्ये हे उघड झालं. गाड्या होत्या जगभरात 1 कोटी 10 लाख.

स्विच हा निष्काळजीपणा, सॉफ्टवेअर ही ठरवून केलेली लबाडी. एका ठिकाणी चूक कोणाची हे विभागाविभागांत हरवलं, दुसऱ्या ठिकाणी ‘जमणार नाही’ असं वरच्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझ्या मते दुसरा रोग बरा व्हायला जास्त अवघड.

तो सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा दिसला. जर्मन गाडीत डझनावारी छोटे कंट्रोलर, प्रत्येक वेगळ्या पुरवठादाराचा. टेस्ला आणि चिनी कंपन्या थोड्याच मोठ्या संगणकांवर सगळं चालवतात. फोक्सवॅगनने 2020 मध्ये कॅरिआड ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, तिच्या उशिरापायी पोर्शेची ‘मकान’ (Macan) ही इलेक्ट्रिक एसयूव्ही रखडली, 2022 मध्ये फोक्सवॅगनचे प्रमुख हर्बर्ट डीस यांना पद सोडावं लागलं. आता अमेरिकेची रिव्हियन आणि चीनची श्याओपेंग या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्यांकडून तंत्रज्ञान घ्यायची वेळ आली आहे. चीनमध्ये 2019 ला समूहाच्या 42 लाखांच्या आसपास गाड्या गेल्या होत्या, 2024 ला 29 लाखांच्या आसपास.

‘फोक्सवॅगनवर प्रचंड कर्ज’ असा मथळा दिसला, तर त्यात ग्राहकांना दिलेल्या गाडीकर्जांसाठी उचललेला पैसाही असतो. त्यामागे गाड्या आणि हप्ते तारण आहेत. गाडी-विभागाची निव्वळ रोकड वेगळी बघायची. जनरल मोटर्सने 1 जून 2009 ला दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मालमत्ता 82 अब्ज डॉलर होती आणि देणी 172 अब्जांवर. वोल्फ्सबर्ग अजून त्या टोकाला नाही.

हे दोन्ही चेहरे पुणे जिल्ह्यात शेजारी शेजारी दिसले. तळेगावात जनरल मोटर्सने 2008 मध्ये कारखाना सुरू केला, 2017 ला भारतात विक्री थांबवली, 2020 च्या डिसेंबरपर्यंत फक्त निर्यातीसाठी गाड्या बनवल्या. 2023 मध्ये तो ह्युंदाईने घेतला. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना 2009 पासून चालू आहे. पण इथला खप पाहून जर्मन जिंकले म्हणायची घाई नको: देशातला त्यांचा वाटा तुटपुंजाच आहे, आणि चाकणच्या लाइनीला निर्यातीचाही मोठा आधार लागतो.