बेळगावातल्या जुन्या पियानोचं वय

बेळगाव कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यात किंवा खानापुराकडच्या वाड्यात पियानो दिसला की घरचं माणूस हमखास सांगतं, ‘दीडशे वर्षांचा आहे, ब्रिटिशांच्या वेळचा.’ आता ब्रिटिश १९४७पर्यंत इथं होते, त्यामुळे ब्रिटिशांच्या वेळचा पियानो ऐंशी वर्षांचाही असू शकतो. पण लोकांचा भरवसा सालावर नसतोच, रूपावर असतो. तारा गंजल्या, पट्ट्या पिवळ्या पडल्या, लाकूड तडकलं, म्हणजे पियानो जुना!

या रूपावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा, आणि आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. खानापूर तालुक्यात चार महिने धो धो पाऊस. त्या हवेत पोलादी तारा गंजतात, पट्ट्या फुगून अडकतात, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्याला, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या थराला, कसर लागते. तोच पियानो अथणीच्या कोरड्या हवेत ठेवला तर तारा बऱ्यापैकी चकचकीत राहतील, पण लाकूड आकसून तारांमागच्या फळीला चिरा पडतील. म्हणजे दिसतो तो तालुक्याचा पाऊस, वय नव्हे. पिवळेपणाचंही तसंच. झाकण वर्षानुवर्षं बंद राहिलं तर हस्तिदंती पट्ट्या उलट लवकर पिवळ्या होतात. उजेडात त्या पांढऱ्या राहतात.

मग बघायचं काय? पहिला क्रमांक. वरचं झाकण उघडलं की आत बिडाची चौकट दिसते. तिच्यावर, तारा ताणणाऱ्या खुंट्यांच्या आसपास, बहुधा चार ते सहा आकडी क्रमांक असतो. मोठ्या कारखान्यांनी हे क्रमांक ओळीनं दिले आणि कुठल्या वर्षी कुठवर पोचले याच्या याद्या छापलेल्या आहेत. स्टाइनवेचं उदाहरण घ्या. त्यांची सुरुवात १८५३ साली ४८३ या क्रमांकापासून झाली, एक लाखावा पियानो १९०३ साली व्हाइट हाउसला गेला आणि तीन लाखावा १९३८ साली. तेव्हा दीड लाखाच्या आसपासचा स्टाइनवे कितीही जीर्ण दिसला तरी विसाव्या शतकातलाच. फक्त चौकटीवरचा क्रमांक बघावा. पट्ट्यांच्या कडेला किंवा सुट्या भागांवर ठोकलेले आकडे बहुतेक वेळा कारखान्यात भाग जुळवण्यापुरते असतात.

खरी पंचाईत पुढे आहे. अनेक दुकानदार दुसऱ्याने बनवलेल्या पियानोवर स्वतःचं नाव घालून विकत. अशा वाद्याचा क्रमांक कुठल्या यादीत शोधणार? इथे साल काढायचं नाही, दोन्ही बाजूंनी कोंडायचं. बास, म्हणजे खालच्या स्वरांच्या तारा बाकीच्यांवरून तिरप्या गेल्या असतील, तर पियानो साधारण १८५९ नंतरचा. ग्रँड पियानोसाठी स्टाइनवेने त्या रचनेचं पेटंट त्या वर्षी घेतलं. तारा सरळ असल्या म्हणून तो त्याआधीचा, असं मात्र म्हणता येत नाही, कारण इंग्लंडातले कारखाने स्वस्त उभे पियानो पुढेही बरीच वर्षं सरळ तारांचेच करत राहिले. आतल्या एखाद्या भागावर इंग्रजीत ‘मेड इन जर्मनी’ असेल तर तो सहसा १८८७ नंतरचा. त्या वर्षीच्या ब्रिटिश मर्चंडाइज मार्क्स कायद्यानंतर परदेशी मालावर देशाचं नाव येऊ लागलं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ च्या आधीचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या बाजूची भिंत पट्टीवर सापडते. डावीकडची अगदी पहिली पट्टी अलगद उचलून बाहेर काढा. लाकडाच्या कुशीवर कधी कधी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख आणि सही मिळते, ट्यूनरची किंवा कारागिराची. तिथे १९१२ असेल तर पियानो १९१२ मध्ये होता, एवढं पक्कं. पट्टीच्या पांढऱ्या थरावर काळ्या पट्ट्यांच्या टोकाशी आडवी बारीक सांध्याची रेघ दिसली तर हस्तिदंताचे दोन तुकडे जोडलेले आहेत. अखंड एकच तुकडा बहुधा सेल्युलॉइड किंवा प्लास्टिकचा, आणि तो नंतर बसवलेलाही असू शकतो.

‘कार्बन टेस्ट करू या की,’ असं कुणी तरी म्हणतंच. लाकडातल्या कार्बन-१४ वरून वय काढायची ही चाचणी. पैसे वाया जातील. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वरखाली झालं की त्यातल्या लाकडाला शे-दोनशे वर्षांच्या अंतरातली दोन-तीन उत्तरं मिळतात. उलट १९५० च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला, म्हणून नमद्याची लोकर त्यानंतरची आहे का, हे मात्र नेमकं कळतं. म्हणजे पियानोपेक्षा त्याच्या दुरुस्तीचं वय सोपं!

पियानो मोजक्या घरी. पेट्या मात्र भरपूर. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांचं हे गाव. पेटीला बहुधा क्रमांक नसतो आणि चांगले जर्मन किंवा पॅरिस सूर (आवाज काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या) जुन्या खोक्यातून काढून नव्यात बसवायची पद्धत आहे. त्यामुळे सुरांवरच्या खुणा खोक्याचं वय सांगत नाहीत. सुरांच्या पट्टीशेजारी जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसली, तर काही तरी बदललंय हे ओळखावं. खोकं कधीचं, हे बघायला भात्याच्या घड्यांना चिकटवलेला कागद उपयोगी पडतो, त्यावर छापील मजकूर असला तर. पण त्यासाठी भाता सोडवावा लागतो, आणि वाजती पेटी सोडवायला मालक सहसा तयार होत नाही.