महामार्गाला विरोध नेमका कुठून येतो?

ठाणे-पनवेल पट्ट्यात नवीन महामार्गाची मोजणी निघाली की गावकरी आडवे येतात, आणि शहरातली मंडळी लगेच म्हणतात, भाव वाढवून घ्यायचाय यांना. भावाचं भांडण असतंच, नाही कशाला म्हणा, पण मागचं माहीत नसेल तर यातलं काहीच कळणार नाही.

१७ मार्च १९७० ला सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं, तीही इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याने. भातशेती, मिठागरं, सगळंच. भाव सरकार ठरवणार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणच्या जासई-नवघर भागात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना निघाली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. आता गंमत बघा, त्यातनं सुविधांसाठी म्हणून ३० टक्के कापले जातात, हातात येतात ८.७५ टक्के. आणि तेवढ्यासाठीही कित्येकांची हयात गेली, मूळ खातेदार वारले, वारसांची नावं वाढत गेली, मग वारस दाखला आणा, भावकीत एकाची सही अडली की फाईल तिथेच. म्हणून "आधी जमीन द्या, बाकीचं नंतर बघू" हे वाक्य इथे कुणाला ऐकवूच नये.

कल्याणजवळच्या नेवाळीचं तर विचारूच नका. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन, तिचा राग २२ जून २०१७ ला रस्त्यावर उतरला, गाड्या जळाल्या.

त्याच सुमाराला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचंही चालू होतं. ७०१ किलोमीटर, आपल्याकडचं टोक भिवंडी तालुक्यातलं आमणे. सुरुवातीला लँड पूलिंग आणलं, जमीन द्या आणि बदल्यात विकसित प्लॉट घ्या, आता हे साडेबारा टक्क्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात-तालुक्यात कोण ऐकणार, शहापुरातही विरोध झालाच. शेवटी सरकार पाचपट मोबदल्याच्या थेट खरेदीवर आलं. तिकडे नवी मुंबई विमानतळाला जमीन दिलेल्यांना साडेबावीस टक्के विकसित प्लॉट मिळाले. त्यामुळे आता विरार-अलिबाग कॉरिडॉर या नव्या महामार्गाचे अधिकारी पनवेल-उरणच्या गावात आले की लोकांना हे सगळे आकडे तोंडपाठ असतात.

पण माझ्या मते खरी मेख कायद्यात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी वगैरे आहे, पण राष्ट्रीय महामार्गांना त्यातून पहिल्यापासून सूट, आणि राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्यालाही २०१८ च्या दुरुस्तीने ती मिळाली. मोबदल्याचा हिशोब तेवढा नवीन कायद्याने. म्हणजे गावाला विचारणार फक्त पैशाचं, आणि गाव पैशाचं बोललं की लोभी ठरवणार!

बाकीचं बोलायला खूप आहे हो. भाताच्या खाचरांतून एवढा उंच भराव टाकला की पावसाळ्यात नाल्याचं पाणी अडतं, वरच्या बाजूची रोपं कुजतात. घर अलीकडे आणि शेत पलीकडे, मोरीतनं माणूस वाकून जाईल पण ट्रॅक्टर नाही, मग लांबचा वळसा. सातबाऱ्यावर उरलेला दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा ना कसता येत ना विकता येत, आणि संपादनात तो घेतलेला नसल्याने त्याचे पैसेही नाहीत.